पिठातली पावलं
“आई अंथरुणाला खिळलीय तोवर बापानं पोरीला सांभाळत घरीच शिक्षा भोगायची, आई उठली, की तुरुंग!” न्यायाधीशबाईंचा तो आवाज लेकीची वेणी घालतानासुद्धा साव्हेरिओच्या कानात घुमायचा. आज गच्चीवरचे कपडे काढून तो खाली आला, तर सांडलेल्या पिठात अनवाणी पावलं उमटलेली, चुलीपासून थेट बायकोच्या पलंगापर्यंत. लेक शाळेत होती. तो पलंगापाशी गेला. “इम्माकोलाता, घरात कोण आलं होतं?” “भूत! तुझ्या अळणी रश्शात मीठ टाकून गेलं,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. त्यानं चादर ओढली. तिचे तळवे पिठानं माखलेले. तेवढ्यात पोलिसांची गाडी थांबली, रोजची हजेरी. जिन्यावर बूट वाजले. त्यानं ओल्या फडक्यानं फरशी पुसली, पण पीठ चिकटूनच बसलं. बायकोनं त्याचं मनगट धरलं. “ईस्टरपासून चालतेय मी. तुला नेतील म्हणून पडून राहिले.”