गाडीचा खांदा

प्रफुलने ब्रेक दाबला, आणि गाडी आपली पुढेच. पेडल पायाला घट्ट लागत होतं, पण चाकं काही ऐकेनात. समोर मूल गावाच्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आरामात रस्ता ओलांडत होता. त्याने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी धानाच्या बांधीच्या कडेला घातली. ती थांबली तेव्हा शेवटची शेळी बंपरला नाक लावून उभी होती. तिला काही घाई नव्हती. गाडीत अजून सवारी नव्हती, हेच नशीब.

हँडब्रेकच्या भरवशावर, बैलगाडीच्या चालीने तो मूलला सुनिलभाऊच्या गॅरेजात पोचला. राग त्याला स्वतःचाच आला होता. सकाळीच अंगणात जॅक लावून त्याने पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले होते. हे काम सुनिलनेच त्याला शिकवलेलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी म्हणजे डिस्क, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे ते पॅड. त्या चिमटीवर अख्खी गाडी थांबते. म्हणून तिथे तेलाचं बोटही लागू द्यायचं नाही. पॅड तेल पितात आणि मग त्यांची पकड जाते. प्रफुलने साबणाने हात धुतले होते, डिस्क कोऱ्या फडक्याने पुसल्या होत्या, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तशा.

सुनिलने चाक उतरवलं. डिस्कवर बोट फिरवलं. बोट पिवळं निघालं. त्याने ते नाकाशी नेलं.

"पुरणपोळ्या भाजल्या का बे यावर?" तो म्हणाला. "तूप आहे हे. वरून हळद!"

चाकाच्या भोकात पळसाच्या पानाचा तुकडा अडकला होता. प्रफुल तो हातात घेऊन बघत राहिला. उद्या पोळा. म्हणजे आज खांदशेकणी. जुवाच्या भाराने बैलांचे खांदे सोलून निघतात. आजच्या दिवशी त्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावून शेकायचं असतं. त्याचा बाप वारलू हे काम दरवर्षी मन लावून करायचा. यंदा मात्र वारलूच्या गोठ्यात बैलच नव्हते.

ते प्रफुलने विकले होते. जोडी म्हातारी झाली होती, आणि त्याला ही जुनी गाडी घेऊन पोंभुर्णा-मूल सवारी न्यायची होती. धंदा बरा लागला. पण त्या दिवसापासून वारलूने लेकाशी बोलणं टाकलं. तो गाडीत बसला नाही, तिला हातही लावला नाही. जेवणाचं ताट घेऊन तो रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचा. बापलेकांमधले निरोप प्रफुलची माय सुगंधाबाई पोचवायची, आणि दोघांनाही शिव्या घालायची.

त्या बापाने आज गाडीला हात लावला होता. प्रफुल आंघोळीला गेला असताना, चाकाच्या भोकातून पान आत घालून. मघाशी जिवावर बेतलं होतं, तरी प्रफुलला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले.

"रडतं काऊन बे? पॅडच तर गेले," सुनिल म्हणाला. त्याने डिस्क धुतल्या, तूप प्यायलेले पॅड फेकून नवे बसवले.

परतताना ब्रेक चोख लागत होते. बापाला सांगायचं कसं? न सांगावं, तर पुढच्या पोळ्याला पुन्हा तूप. आणि सांगावं, तर? इतक्या दिवसांनी म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि नेमका तोच चुकला. आता तो खट्टू झाला, तर पुन्हा गोठ्याबाहेर यायचा नाही.

वारलू गोठ्याच्या दारात बसला होता. शेजारी तूप-हळदीची वाटी होती. प्रफुल त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"बाबा, चाकात तूप चालत नाई. गाडी थांबत नाई मंग."

वारलूचा चेहरा उतरला. "तुले लागलं का कुठी?"

कितीतरी महिन्यांनी तो थेट प्रफुलशी बोलत होता.

"नाई लागलं."

"सकाळपासून तू तेच धू-पूस करून राह्यला होता. लय जपून राह्यला होता. मले वाटलं, हाच तिचा खांदा."

"गाडीले खांदा नसते, बाबा."

"मंग भार कोणावर पडते?"

रोज पहाटे प्रफुल जो स्टिअरिंगवर बसायचा, तो अंधार पडेपर्यंत. रात्री सदरा काढतानाही हात वर जायचा नाही. पण हे बापाला काय सांगायचं? तो नकळत आपला भरून आलेला खांदा चोळू लागला. वारलूने ते पाहिलं. मग त्याने वाटी जवळ ओढली, लेकाच्या सदऱ्याची कॉलर बाजूला सारली आणि आपल्या खरबरीत हाताने त्याच्या खांद्यावर तूप चोळलं.

खांदशेकणीला बैलांना जेवायला बोलावतात. त्याच शब्दांत, जरासा अडखळत, वारलू लेकाच्या कानाशी म्हणाला, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."