पाकिटावरची बाई

पहिल्याच घासाला गिरीश थबकला. सहा वर्षांनी कॅनडाहून घरी आलेल्या लेकासाठी द्वारकाबाईंनी अख्ख्या मसुराची आमटी केली होती. तिच्यातला मसाला त्यांनी चैत्रात डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणला होता. दरवर्षी आणत, तसाच.

"आई, चव बदलली गं तुझ्या हातची," तो म्हणाला. "तिकडे आम्ही तो जाहिरातीतला मसाला वापरतो ना, 'आईच्या हातची चव'वाला. त्याची आमटी अगदी तुझ्यासारखी लागते."

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर द्वारकाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून ते पाकीट आणलं आणि आपली मसाल्याची बरणी फडताळात मागे सारली.

दुपारी गिरीशने तीनदा आमटी मागून घेतली. "आता कशी आईच्या हातची लागते," बोटं चाटत तो म्हणाला.

रिकामं पातेलं घेऊन द्वारकाबाई आत आल्या. ओट्यावर फोडलेलं पाकीट पडलं होतं. त्यावरची ठसठशीत कुंकवाची बाई हसत होती, जणू सहा वर्षांनी तिचाच लेक घरी आला होता.