टॉवेलसाठी जाड पाइप

"म्हाताऱ्यांनी धरायच्या दांड्या माझ्या न्हाणीघरात नकोत," आबांनी लेकीला, शलाकाला ठणकावलं. महिन्यापूर्वी ते तिथेच घसरून पडले होते. पण चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेला माणूस आधार घ्यायला तयार नव्हता.

"बरं, टॉवेलसाठी तरी काहीतरी करते," ती म्हणाली. जुन्या पलंगाची सागवानी फळी तिने घासून पॉलिश केली, तिच्यावर नळाचा लोखंडी पाइप बसवला आणि फळी लांब स्क्रूंनी भिंतीत पक्की केली. मग स्वतःच त्या पाइपाला लोंबकळून पाहिलं.

"टॉवेलला एवढा जाड पाइप?" आबा हसले. तिने पाइपावर टॉवेल अडकवला.

रविवारी सकाळी न्हाणीघरात बादली धाडकन आपटली. शलाकाने धावत जाऊन दार ढकललं. ओल्या पंच्यातले आबा दोन्ही हातांनी पाइप धरून उभे होते. एक पाय घसरून पुढे गेला होता, पण फळी तसूभरही हलली नव्हती. तिच्या जिवात जीव आला. तिने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

आबांनी टॉवेलाने तोंड पुसलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "असाच एक संडासातही बसव. टॉवेलसाठी."