लेखनिक पाहिजे

पूर्वी नावाच्या पोरीचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि बारावीची परीक्षा तेरा दिवसांवर आली होती. कॉलेजातल्या सुधा मॅडमच्या स्कूटीवर मागे बसून ती बारामतीहून लासुर्ण्याला आली, तेव्हा राजेश्वरीच्या आईला, बनाबाईला, आधी तो हातच दिसला.

"कशानं झालं गं?"

"एनसीसीच्या परेडला जाताना गाडी घसरली, काकू."

बनाबाई चहा टाकायला आत गेली, पण कान बाहेर ठेवून. या पोरीनं राजेश्वरीचं नाव काढलं होतं, आणि या घरात आपली राजेश्वरी आणि कॉलेज हे दोन शब्द एका दमात कुणी काढत नव्हतं.

गोष्ट दिवाळीनंतरची. भवानीनगरच्या स्टँडवर काही टोळभैरवांनी मोटारसायकली आडव्या घालून कॉलेजच्या पोरींची वाट अडवली. राजेश्वरी त्या पोरींत नव्हतीसुद्धा. पण बातमी तिच्या बापाच्या, गेणबाच्या कानावर गेली आणि तो पारावर चार लोकांत बोलून बसला, "उद्यापासनं माझी पोरगी कालिजात जायची न्हाय." अकरावी अर्ध्यातच राहिली. गेणबाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मग ती खुद्द त्याला खुपत असली, तरी पुसायची सोय नाही. तेव्हापासून सातची बारामती गाडी रस्त्यावरून गेली की तो तासभर कुणाशी बोलत नसे. बनाबाई त्याला राग समजायची. राजेश्वरी मुकाट्यानं गोठा झाडायची. मामानं तर एक स्थळही सुचवून ठेवलं होतं.

बाहेर मॅडम समजावत होत्या. "गेणबाराव, हिला लेखनिक हवीय. ही तोंडानं सांगणार, ती लिहिणार. लेखनिक खालच्या वर्गातली लागते आणि तिचं नाव कॉलेजच्या पटावर असावं लागतं."

"मग कालिजात पोरींचा दुष्काळ पडलाय व्हय?"

"पोरी ढीगभर आहेत, काका," पूर्वी म्हणाली. "पण माझ्या बोलण्याच्या वेगानं लिहिणारी राजेश्वरीच. हात मोडलाय, परीक्षा तोंडावर आलीय. मोठ्या आशेनं आलेय तुमच्याकडे."

बनाबाई चहा घेऊन आली तेव्हा सही-बिही उरकली होती. मॅडम पेनाला टोपण लावत होत्या आणि गेणबा खाटेवरच्या अर्जाकडं टक लावून बसला होता. पूर्वीनं डाव्या हातानं बशी उचलली आणि एक थेंब न सांडता चहा प्यायली. मोडल्या हाताचं रडगाणं नाही की काही नाही. गुणाची पोर, बनाबाईच्या मनात आलं.

गेणबाच्या दारातून अडला-नडला माणूस कधी रिकामा परतला नव्हता. कुणाचा ऊस पेटला तर घरच्यांच्या आधी हा धावायचा. तरी त्यानं मिशीवरून दोनदा हात फिरवला.

"शिकायला म्हणून धाडत न्हाय म्या," तो शेवटी म्हणाला. "अडल्याला मदत म्हणून धाडतोय. पारावर कुणी इचारलं तर हेच सांगीन."

बनाबाई घाईनं आत वळली. डोळे भरले होते आणि ते चारचौघांत पुसायची तिला लाज वाटत होती.

मदत म्हणता म्हणता मदतीला फाटे फुटले. नाव पटावर ठेवायचं तर हजेरी भरायला हवी. हजेरी भरायची तर सातची गाडी आली. बारावीचे पेपर संपले तरी पटावर नाव होतंच, तेव्हा अकरावीची वार्षिक परीक्षाही द्यावी लागली. दर वेळी गेणबा कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "घेतलेलं काम अर्ध्यात सोडायचं न्हाय."

पेपरच्या दिवशी घरी आली की राजेश्वरी बोटं शेकत बसायची आणि बनाबाई तिला खोदून खोदून विचारायची. पूर्वी डोळे मिटून सांगते, स्वल्पविरामसुद्धा सांगते. एखादं वाक्य चुकलं तर चिडत नाही, पुन्हा सांगते. बनाबाईला नवल वाटायचं. असं उत्तर सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या हातानं रांगोळी काढल्यातली गत. त्या पोरीच्या जिद्दीला तिनं मनोमन हात जोडले.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. सगळ्या कॉलेजनं पूर्वीचा पहिला नंबर धरला होता. तो चार मार्कांनी गेला. तरी ती पेढे घेऊन लासुर्ण्याला आली, प्लास्टर निघालेला हात हलवत, आणि राजेश्वरीला अकरावीत एक्क्याऐंशी टक्के पडले म्हणून स्वतःचाच निकाल असल्यासारखी नाचली.

ती गेली आणि घर शांत झालं. बनाबाईच्या जिवाला घोर लागला. आता मदतीला मोडका हात उरला नव्हता. बारावीचे वर्ग सुरू व्हायला आले होते आणि पारावरचा शब्द जागच्या जागीच होता. विचारावं का, असं तिच्या मनात घोळत होतं, तेवढ्यात राजेश्वरीच बापासमोर येऊन उभी राहिली.

"तात्या, एक सांगायचंय. ऐकून मला घरी बसवलंसा तरी चालंल. पर खोट्यावर पाय ठिवून मला बारावीत जायचं न्हाय."

"बोल."

"पूर्वीताई डावखुरी हाय. तिचा लिवायचा हात मोडलाच न्हवता. माझं नाव पटावर यावं म्हणून तिनं आपला पैला नंबर घालवला."

बनाबाईच्या हातातला पेढ्याचा पुडा तसाच राहिला. आता घर डोक्यावर घेणार हा माणूस, म्हणून ती लेकीच्या पुढं सरकली. गेणबानं तोंडातला पेढा सावकाश संपवला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "त्या दिशी माझ्याम्होरंच डाव्या हातानं झरझर सही केली की तिनं."