झेंडूची कड

"बाबा, लग्नात तुमचा उजवा हात कुणाच्या हातात होता?"

प्रश्न तिच्या मैत्रिणीने, चैतालीने पढवलेला. विचारलास तर मिसळ माझ्याकडून, अशी पैज. मृण्मयीने तो बाबांच्या फोटो स्टुडिओच्या दारातूनच फेकला आणि बाबांच्या हातातला माउस थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे बघा ना!" तिने मोबाइल पुढे धरला. दिवाणखान्यातला लग्नाचा फोटो. उजवीकडे मुंडावळ्या बांधलेली आई. शेजारी बाबा, किंचित डावीकडे वाकलेले, आणि त्यांचा हात मनगटापासून झेंडूच्या जाड कडेत गडप. "तीन बाजूंना बारीक सोनेरी रेघ, आणि इथेच झेंडूचा मळा?"

"तेव्हा फॅशन होती," बाबा म्हणाले.

घरी आई म्हणाली, "तिथे डाग पडला होता गं." आणि तव्यावरची पोळी करपली.

दोघांची दोन उत्तरं! चैताली तर नाचलीच. "अगं, दुसरी बाई असणार तिथे. पुसली तिला!"

मृण्मयी खो खो हसली, पण तेच डोक्यात घोळत राहिलं. तिच्या वेण्या घालणारे, तिच्या सायकलमागे गंगापूर रोडभर धावणारे बाबा. ते एखादं माणूस असं पुसून टाकतील?

जुने फोटो शोधावेत, तर तेही नव्हते. तिच्या बाळपणाचे अल्बम गोदावरीच्या पुरात भिजले, असं आई सांगायची. लग्नाला किती वर्षं झाली विचारलं, तर म्हणायची, "मोजतंय कोण!"

मग तिला आठवलं. कॉम्प्युटरवर फोटोला वेलींच्या कडा, फाटक्या कागदाची किनार, सगळं बाबांनीच शिकवलेलं. आणि एक नियम: मूळ फोटो कधी कापायचा नाही, कड त्याच्यावर वेगळ्या थरात चढवायची. म्हणजे खाली जे कुणी होतं, ते अजून तिथेच होतं!

रविवारी बाबा जेवायला घरी गेले, तेव्हा तिने स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर उघडला. फाइल सापडली. कडेचा थर बंद केला. झेंडू नाहीसा झाला.

ती बघत राहिली. मग हसली. हसता हसता डोळे पुसले आणि घरी फोन लावला. "दोघंही स्टुडिओत या. आत्ताच्या आत्ता."

पडद्याकडे बघून आईने स्टूल ओढून घेतलं. बाबा मृण्मयीजवळ आले.

"दहावी झाली की सांगणार होतो, मनू. शप्पथ."

"चैताली म्हणत होती, दुसरी बाई असेल. जीव टांगणीला लागला होता माझा!" मृण्मयीने नाक पुसलं, प्रिंटचं बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "ऐका. झेंडू कायमचा रद्द. आजपासून दिवाणखान्यात हाच फोटो लागणार. तुमच्या लग्नात माझ्या नव्या कोऱ्या बाबांचं बोट धरून उभी असलेली एवढीशी मी काय गोड दिसतेय, लोकांना बघू दे की!"