नावाची भांडी

"तुझ्या नावाचा तांब्या दिसत नाय गो," चंद्राबाई फोनवर लेकीला दबक्या आवाजात म्हणाली. "पण राहीला काय बोलू नको. बाई चांगली हाय."

कल्याणला आपल्या घरी पेपर तपासत बसलेल्या संघरत्नाचं लाल पेन थांबलं. बाई एवढी चांगली, तर तांब्याला काय पाय फुटले?

आई आटगावला एकटी राहायची. परसात वाल लावायची, शहापूरच्या बाजाराला कुणाचं बोट न धरता जायची. कल्याणला चल म्हटलं की "तुमच्या खुराड्यात माझा जीव गुदमरतो" हे ठरलेलं. पण यंदा ओट्यावरून पाय घसरला आणि संघरत्नानं हट्टच धरला. दुपारभर सोबतीला कुणीतरी हवंच.

"मला राखण कशाला? मी काय वालाचं शेत हाय?" असं म्हणत आईनं लेकीनं शोधलेल्या दोघींना वाटेला लावलं. मग एक दिवस स्वतःच शेजारच्या पाड्यावरची राही आणून बसवली. संघरत्नाला तेव्हाच खटकलं होतं.

तांब्यानंतर डबा गेला. मग कढई. सगळी संघरत्नाच्या नावाची. ती शाळेत असल्यापासून आईनं लग्नासाठी एकेक भांडं घेऊन त्यावर लेकीचं नाव घालून घेतलं होतं. कल्याणच्या दोन खोल्यांच्या घरात ठेवायचं कुठं, म्हणून त्यातली बरीचशी आईकडेच फळीवर राहिली होती.

गंमत म्हणजे राहीला अक्षरओळख नव्हती. मग नेमकी नावाचीच भांडी कशी उचलते? हिच्यामागं कुणीतरी शिकलेलं माणूस आहे, हे संघरत्नानं मनाशी पक्कं केलं.

एरवी सणासुदीला उगवणारी ती आता दर रविवारी आटगावला उतरू लागली. आई वालाचं बिरडं करून वाटच बघत असायची. संघरत्ना मात्र एका हातानं जेवायची आणि नजरेनं फळी चाचपायची. आज भांडी गेली, उद्या आईच्या गळ्यातली पोत जाईल. पुढचा विचार तिच्यानं करवत नव्हता.

त्यात राहीचे प्रश्न.

"ताई, येत्या आयतवारी येनार ना?"

"का?"

"नाय, असंच इचारलं."

आपण नसू तेव्हा हात मारायला बरं, असंच! संघरत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परात दिसेना, त्या रविवारी तिनं राहीला समोर उभं केलं.

"उद्यापासून येऊ नका. का ते तुम्हाला ठाऊक आहे."

राही रडली नाही, भांडली नाही. नुसती चंद्राबाईकडे बघत राहिली. हे तर कबूल केल्यासारखंच झालं.

"जाऊ दे गो," आई मधे पडली. "गरिबाच्या पोटावर पाय नको देऊ. तुला भरवसा नाय ना? मग तूच येत जा आयतवारी. बस तिच्यावर डोळा ठेवून."

"येणारच. एक रविवार चुकवायची नाही!" असं बजावून संघरत्ना तरातरा निघाली.

स्टेशनजवळ पोचल्यावर लक्षात आलं, चष्मा आईकडेच राहिला. ती परत फिरली. राही अजून गेलेली नव्हती. मागच्या दारी दोघींचं कुजबुजणं चाललं होतं. आता सापडलीस, म्हणत संघरत्ना भिंतीआड थांबली.

"मावशी, नोकरी जाता जाता रायली माझी. आता पुरं करा."

"पुरं कसं? फळीवर तिच्या नावाचं अजून काय हाय, थांब, वाचते." भांडी वाजली. "हां, ही किटली. ने, कोंड्याच्या गोणीत तांब्याजवळ लपव. नायतर पुढल्या आयतवारी माझी पोर येल कशाला?"