भिंतीपलीकडचा ठोका

थेरगावच्या आमच्या चाळीत एक दिवसाआड सकाळी नऊला पाणी यायचं. शेजारच्या रुक्मिणीमावशीला अजिबात ऐकू येत नसे, म्हणून ती मधल्या भिंतीला पाठ लावून बसायची. पाणी आलं की मी लाटण्यानं भिंतीवर तीन ठोके द्यायचे. ते तिला पाठीला कळायचे. मग ती पलीकडून एक ठोका द्यायची.

माझ्या नवऱ्याची, रविराजची, चाकणहून रियाधला बदली झाली. मी मावशीला हातवारे करून सांगितलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आता मला पाण्याचं कोण सांगंल गं?"

खालच्या योगिनीला सांगून जाईन, असं मी ठरवलं होतं. सामान बांधण्याच्या गडबडीत राहूनच गेलं.

रियाधचं घर ऐसपैस आहे, पण शेजार नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे नुसती वाळू. तरीही एक दिवसाआड, इथे सकाळचे साडेसहा, म्हणजे तिकडे नऊ वाजले की त्या भिंतीवर पलीकडून एक ठोका पडतो.

महिनाभरानं न राहवून मी योगिनीला फोन केला. "मावशीला पाणी आल्याचं कोण सांगतं गं?"

"ती म्हणते, विजयश्री भिंत वाजवते ना." योगिनी म्हणाली. "पण ताई, तुमच्या खोलीला तर अजून कुलूप आहे."

आज साडेसहाला मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. आत कोणी नव्हतं.

भिंतीवर तीन ठोके पडले, माझ्या बाजूनं. मग पलीकडून मावशीचा एक.

"मावशी, ती मी नाही!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

पण मावशीला ऐकू येत नाही.